दूरच्या भूकंपाची लाट आणि जवळचें बंदर

बंदर म्हटलें कीं मनुष्याच्या मनांत सुरक्षिततेची कल्पना येते. बाहेर दर्या खवळलेला असावा, वारा तुफान सुटलेला असावा, आणि तारवानें बांधाच्या आंत शिरून नांगर टाकतांच खलाशांनीं सुटकेचा निःश्वास सोडावा, हा सर्व दर्यावर्दी राष्ट्रांचा हजारों वर्षांचा अनुभव आहे. परंतु समुद्रावर एक लाट अशी आहे कीं तिच्या बाबतींत हा नियम उलटा होतो. भर समुद्रांतील जहाजाला तिचा पत्ताहि लागत नाहीं, आणि बंदरांत नीट बांधून ठेवलेलीं गलबतें मात्र ती फोडून टाकते. जपानी भाषेंत या लाटेला ‘त्सुनामी’ असें नांव आहे. ‘त्सु’ म्हणजे बंदर आणि ‘नामी’ म्हणजे लाट. बंदरांतली लाट हें नांव अगदीं अन्वर्थक आहे.

इंग्रजी लेखनांत पुष्कळ काळ हिला ‘भरतीची लाट’ म्हणण्याचा प्रघात होता. परंतु भरती-ओहोटी चंद्रसूर्यांच्या आकर्षणानें होते, आणि त्सुनामीचा चंद्रसूर्यांशीं कांहींहि संबंध नाहीं. समुद्राच्या तळाखालीं मोठा भूकंप होऊन तळाचा शेंकडों मैल लांबीचा पट्टा कांहीं फूट एकदम वर उचलला जातो किंवा खालीं खचतो, तेव्हां त्याच्यावरचें सर्व पाणीहि त्याच्याबरोबर वर किंवा खालीं जातें. तें पाणी पुन्हां समपातळीस येण्यासाठीं जी धडपड करतें तीच त्सुनामी. वाऱ्यानें उठणारी लाट केवळ वरवरचें पाणी हलविते. त्सुनामी पृष्ठभागापासून तळापर्यंतचें सगळें पाणी हलविते. म्हणूनच तिच्या ठिकाणीं इतकी शक्ति असते कीं एक सबंध महासागर ओलांडल्यावरहि ती पुरती खर्च होत नाहीं.

अशा लाटेपासून बंदराला होणारा धोका दोन प्रकारचा असतो. भूकंप किनाऱ्याजवळच झाला तर पायांखालची धरणीच इशारा देते. तेथें गणित करण्यास वेळ नसतो आणि त्याची गरजहि नसते. उंच जागीं धांव घेणें एवढा एकच उपाय. परंतु भूकंप दोन किंवा पांच हजार मैलांवर झाला तर बंदरांतील माणसाला कांहींच जाणवत नाहीं. आकाश निरभ्र असतें, दर्या शांत असतो, बाजार चालू असतो. आणि लाट वाटेंत असते. अशा वेळीं हातांत चार, आठ किंवा पंधरा तास असतात. ते तास कसे वापरावयाचे, किती मोठी लाट गृहीत धरावयाची, सगळा सखल भाग रिकामा करावयाचा कीं केवळ धक्के, हें त्या घाईंत ठरवितां येत नाहीं. त्यासाठीं धोक्याचें मोजमाप अगोदर, शांततेच्या दिवसांत, करून ठेवावें लागतें. हें मोजमाप कसें करतात तें समजण्यास अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील क्रेसेंट सिटी या लहानशा बंदराचें उदाहरण फार उपयोगी आहे.

क्रेसेंट सिटी हें कॅलिफोर्निया संस्थानाच्या अगदीं उत्तर टोंकास, ऑरेगॉनच्या सरहद्दीपासून सुमारें वीस मैलांवर वसलें आहे. ‘क्रेसेंट’ म्हणजे चंद्रकोर. येथें किनाऱ्यानें चंद्रकोरीसारखें वळण घेतलें आहे, त्यावरून गांवाला हें नांव पडलें. वस्ती सहा-सात हजारांची, आणि खेंकडे व मासे धरणें हा जुना धंदा. बंदरांत भरती-ओहोटी मोजणारें यंत्र १९३३ सालीं बसविण्यांत आलें. तेव्हांपासून त्याच्यावर तिसांहून अधिक त्सुनामींची नोंद झालेली आहे. यांपैकीं बहुतेक इतक्या लहान होत्या कीं धक्क्यावर उभ्या असलेल्या माणसाला त्या कळल्याहि नसत्या. पण सगळ्याच तशा नव्हत्या.

२७ मार्च १९६४ रोजीं सायंकाळीं अलास्काच्या दक्षिण किनाऱ्यावर ९.२ प्रतीचा प्रचंड भूकंप झाला. क्रेसेंट सिटी तेथून दीड हजार मैलांहून अधिक दूर. गांवांत कोणालाहि धक्का जाणवला नाहीं. इशारा आला, सखल भागांतील लोकांना हलविण्यास सुरुवातहि झाली, आणि चार तासांहून थोड्या अधिक अवधीनें, मध्यरात्रीच्या सुमारास, पहिली लाट आली. तिनें बंदरालगतच्या रस्त्यांवर पाणी आणलें आणि ती परत गेली. दुसरी व तिसरी तिच्याहून लहान होत्या. पूर्वींच्या इशाऱ्यांच्या वेळींहि गांवाची फारशी हानि झालेली नव्हती. संकट टळलें असें पुष्कळांना वाटलें. कोणी दुकानांतला चिखल काढण्यास गेले, कोणी गल्ल्यांतले पैसे आणण्यास गेले. त्यानंतर समुद्र बंदराबाहेर दूरवर ओसरला, आणि पावणेदोनच्या सुमारास चौथी लाट आली. ती सर्वांत मोठी होती. ओहोटीच्या पातळीपासून तिची उंची वीस फुटांहून अधिक भरली. गांवाचे एकोणतीस चौक उद्ध्वस्त झाले, तेलाच्या टाक्या पेटल्या, आणि अकरा माणसें मृत्युमुखीं पडलीं.

येथें विचार करण्याजोगा प्रश्न असा कीं, अलास्कापासून मेक्सिकोपर्यंतच्या त्या लांबलचक किनाऱ्यावर इतकीं बंदरें असतां याच बंदराची अशी दशा कां व्हावी? हा निव्वळ दैवाचा खेळ होता कीं त्याला कांहीं नियम आहे? धोक्याच्या मोजमापाचें सगळें शास्त्र या प्रश्नाच्या उत्तरांत आहे. म्हणून लाटेचा प्रवास उगमापासून धक्क्यापर्यंत टप्प्याटप्प्यानें पाहिला पाहिजे.

पहिला टप्पा उगमाचा. पॅसिफिक महासागराच्या कडेनें पृथ्वीच्या कवचाचे मोठमोठे खंड एकमेकांखालीं सरकत असतात. अलास्का व अल्यूशियन बेटें, कामचाट्का, कुरील बेटें, जपान, चिली, हीं त्यांचीं मुख्य स्थानें. या प्रत्येक ठिकाणीं भूकंपाचा भंग म्हणजे एक लांब, अरुंद पट्टा असतो. पाण्यानें भरलेल्या परातींत बोट बुडविलें तर वर्तुळें उठतात आणि सर्व दिशांना सारखीं पसरतात. पण त्याच परातींत एखादी पट्टी आडवी धरून एकदम उचलली तर पाण्याचा जोर पट्टीच्या लांबीच्या दिशेनें जात नाहीं, तिच्या रुंदीच्या दिशेनें, म्हणजे काटकोनांत, जातो. भूकंपाच्या पट्ट्याचेंहि असेंच आहे. म्हणून भूकंप किती मोठा झाला एवढें विचारून भागत नाहीं. त्याच्या पट्ट्याचें तोंड कोणत्या दिशेला आहे हें विचारावें लागतें. १९६४ च्या भूकंपाच्या पट्ट्याची ठेवण अशी होती कीं लाटेचा मुख्य जोर उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याकडे वळला.

दुसरा टप्पा महासागर ओलांडण्याचा. त्सुनामीचा वेग पाण्याच्या खोलीवर अवलंबून असतो, आणि त्याचा नियम फार सोपा आहे. खोलीला गुरुत्वाकर्षणाच्या प्रवेगानें गुणून वर्गमूळ काढलें कीं वेग येतो. पॅसिफिकची खोली सरासरी तेरा हजार फूट धरली आणि तिला ३२ नें गुणलें तर वर्गमूळ सुमारें ६४५ येतें. म्हणजे सेकंदाला ६४५ फूट, किंवा तासाला सुमारें ४४० मैल. हा विमानाचा वेग झाला. उलट तीस फूट खोलीच्या पाण्यांत हाच वेग तासाला एकवीस मैलांवर येतो. यावरून दोन गोष्टी निघतात. एक तर, समुद्राच्या खोलीचा नकाशा हाताशीं असेल तर लाट कोणत्या बंदराला केव्हां पोंचेल हें कांहीं मिनिटांच्या फरकानें आधीं सांगतां येतें. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. लाटेचें पुढचें टोंक उथळ पाण्यांत येऊन मंदावतें, पण मागचा भाग खोल पाण्यांतून वेगानें येतच असतो. गर्दीच्या मिरवणुकींत पुढचे लोक थबकले आणि मागचे चालत राहिले म्हणजे मध्यें जशी दाटी होते, तशी येथें पाण्याची दाटी होते आणि लाट उंच होते. तेरा हजार फूट पाण्यांत दीड फूट उंच असलेली लाट तीस फूट पाण्यांत येईपर्यंत केवळ या कारणानें सात फुटांच्या जवळपास जाते. भर समुद्रांत ती दीड फुटी चढण शें-दीडशें मैल लांबीवर पसरलेली असते. म्हणूनच जहाजावरील माणसाला ती कळत नाहीं.

वेग खोलीवर अवलंबून असल्यामुळें तिसरी एक गोष्ट घडते. भिंगांतून जातांना प्रकाशाचा किरण वांकतो, तशी समुद्राच्या तळावरील डोंगर-दऱ्यांवरून जातांना लाटहि वांकते. उथळ भागाकडे ती वळते, आणि लांबलचक डोंगरकड्याच्या अनुरोधानें तिचा जोर एकवटतो. उत्तर कॅलिफोर्नियासमोर समुद्राच्या तळाशीं मेंडोसिनो नांवाचा असा एक प्रचंड कडा पश्चिमेकडे दूरवर गेलेला आहे. पश्चिमेकडून, म्हणजे जपान-कुरीलच्या बाजूनें, येणाऱ्या लाटांना हा कडा जणूं पाटाच्या पाण्याप्रमाणें वाट करून देतो आणि त्यांचा कांहीं जोर क्रेसेंट सिटीच्या बाजूला आणून सोडतो. शेजारच्या बंदरांना जें पाणी विभागून मिळावयाचें, त्याचा मोठा वांटा अशा रीतीनें एका ठिकाणीं येतो.

तिसरा टप्पा बंदराच्या दारापाशीं सुरू होतो, आणि तोच सर्वांत नाजूक आहे. पाण्यानें भरलेली परात दोन्ही हातांनीं धरून चालणाऱ्या प्रत्येक गृहिणीला हें माहीत असतें कीं पावलांची एक विशिष्ट लय सांपडली कीं परातींतलें पाणी हिंदकळून बाहेर सांडतें. लय बदलली कीं तेंच पाणी शांत राहतें. प्रत्येक परातीला हिंदकळण्याची स्वतःची एक लय असते, तशी प्रत्येक उपसागराला आणि बंदराला असते. ती त्याच्या लांबीवर आणि खोलीवर ठरते. क्रेसेंट सिटीचा चंद्रकोरी उपसागर आणि त्याच्या पुढचा उथळ तळ यांची लय सुमारें वीस मिनिटांच्या आसपास आहे. मोठ्या भूकंपांतून निघणाऱ्या त्सुनामीच्या लाटाहि बहुधा दहा मिनिटांपासून अर्ध्या तासापर्यंतच्या अंतरानें येतात. दोन्ही लयी जुळल्या कीं झोपाळ्याला बरोबर वेळेवर मिळणाऱ्या झोक्याप्रमाणें प्रत्येक नवी लाट आधींच्या हिंदकळ्यांत भर घालते. शिवाय उथळ तळाच्या कडेनें कांहीं लाटा किनाऱ्याला धरूनच पुढेंमागें फिरत राहतात आणि दूरच्या उगमापासून उशिरानें येणाऱ्या लाटांत मिसळतात. पहिली लाट सर्वांत मोठी कां नसते याचें हें उत्तर आहे. १९६४ सालीं चौथी लाट मारक ठरली, ती कांहीं अपवाद म्हणून नव्हे.

हाच धडा पुढें एकदां वेगळ्या रीतीनें मिळाला. १५ नोव्हेंबर २००६ रोजीं कुरील बेटांजवळ ८.३ प्रतीचा भूकंप झाला. सुमारें चार हजार मैलांचें अंतर तोडून लाट साडेआठ तासांनीं क्रेसेंट सिटीस आली. लाट लहानच होती. पाणी गांवांत शिरलें नाहीं, एकहि रस्ता भिजला नाहीं, आणि ओहोटीची वेळ असल्यानें धक्क्यांवरूनहि पाणी गेलें नाहीं. तरीहि होड्या बांधावयाच्या तरंगत्या धक्क्यांची धूळधाण झाली. सर्वांत मोठा जोर पहिल्या लाटेनंतर दोन तासांहून अधिक वेळानें आला. तोंपर्यंत धोक्याचा इशारा मागें घेतला गेला होता.

पाणी चढलें नाहीं तर नुकसान कशानें झालें? प्रवाहानें. याचा हिशेब शाळेंतला मुलगाहि करूं शकेल. भरतीच्या वेळीं बंदरांतलें पाणी सहा तासांत सहा फूट चढतें असें धरलें, तर तेवढें पाणी बंदराच्या अरुंद तोंडांतून सहा तासांत सावकाश आंत येतें. त्सुनामीच्या वेळीं तेंच सहा फूट पाणी दहा मिनिटांत चढतें. सहा तास म्हणजे ३६० मिनिटें. म्हणजे तेंच पाणी त्याच तोंडांतून छत्तीसपट घाईनें आंत आलें पाहिजे, आणि पुढच्या दहा मिनिटांत तितक्याच घाईनें बाहेर गेलें पाहिजे. पाण्याचा दाब वेगाच्या वर्गानें वाढतो. वेग दुप्पट झाला तर दाब चौपट होतो. तेव्हां रोजच्या भरतीला सहज दाद देणारे खांब व सांखळ्या अशा वेळीं कां तुटतात हें उघड आहे. म्हणूनच आतां बंदराचा धोका मोजतांना केवळ पाणी किती फूट चढेल असें विचारीत नाहींत. कोणत्या धक्क्यापाशीं प्रवाह किती वेगानें वाहील आणि किती तास वाहत राहील, हेंहि विचारतात.

भरती-ओहोटीचा प्रश्न यांतच येतो. क्रेसेंट सिटीस भरती व ओहोटी यांच्या पातळींत सुमारें सात फुटांचा फरक असतो. म्हणजे सात फुटांची त्सुनामी भर ओहोटीच्या वेळीं आली तर रोजच्या भरतीपेक्षां ती अधिक चढणार नाहीं. तीच भर भरतीला आली तर रस्त्यांवर येईल. भूकंप केव्हां व्हावा हें भरतीच्या कोष्टकावर अवलंबून नसल्यामुळें, हिशेब करणाऱ्यानें सर्व वेळांचा विचार केला पाहिजे. २००६ सालीं ओहोटीनें वांचविलें याचा अर्थ पुढच्या वेळींहि ती वांचवील असा नव्हे.

आतां प्रत्यक्ष मोजमाप कसें करतात तें पाहणें सोपें जाईल. प्रथम पॅसिफिकच्या कडेचे सर्व भूकंप-पट्टे घेऊन प्रत्येकावर लहान, मध्यम व मोठे असे अनेक भूकंप कल्पितात. मग समुद्राच्या तळाच्या नकाशाचे चौकोन पाडतात. महासागराच्या मध्यें ते मोठे असतात, किनाऱ्याजवळ लहान होत जातात, आणि बंदरांत तर ते इतके बारीक करतात कीं एकेक धक्का व बांध त्यांत ओळखूं यावा. त्यानंतर गणकयंत्राच्या साहाय्यानें प्रत्येक चौकोनांतील पाण्याची उंची व वेग क्षणाक्षणाला काढीत काल्पनिक लाट उगमापासून बंदरापर्यंत चालवितात. गणित खरें आहे कीं नाहीं याची परीक्षा जुन्या नोंदींवर होते. १९६० चा चिलीचा, १९६४ चा अलास्काचा, २००६ चा कुरीलचा भूकंप गणितांत घातला असतां बंदराच्या यंत्रानें त्या वेळीं जी रेषा काढली तशीच रेषा गणितांतून निघाली पाहिजे. ती निघाली तरच न घडलेल्या भूकंपांविषयीं त्या गणिताचें म्हणणें ऐकावयाचें.

यानंतर प्रश्न येतो संभवाचा. किती वर्षांतून एकदां किती मोठी लाट येईल? ‘शंभर वर्षांची लाट’ असा शब्दप्रयोग या विषयांत वारंवार येतो आणि त्यानें सुशिक्षितांचाहि गैरसमज होतो. एकदां ती येऊन गेली कीं पुढें शंभर वर्षें निश्चिंती, असा त्याचा अर्थ नाहीं. एका मडक्यांत शंभर चिठ्ठ्या असून त्यांतील एक काळी आहे असें समजावें. दरवर्षीं एक चिठ्ठी काढावयाची, पाहावयाची आणि परत मडक्यांत टाकावयाची. यंदा काळी निघाली म्हणून पुढच्या वर्षीं ती निघणार नाहीं असें होत नाहीं. या हिशेबानें तीस वर्षांत निदान एकदां तरी काळी चिठ्ठी निघण्याचा संभव शेंकडा २६ आहे, आणि पन्नास वर्षांत शेंकडा ३९ हून थोडा अधिक. जो धक्का पन्नास वर्षें टिकावा म्हणून बांधावयाचा, त्याच्या आयुष्यांत अशी लाट येण्याचा संभव पांचांत दोन इतका आहे. हा आंकडा पुढें ठेवल्यावर खर्चाचा विचार अगदीं निराळ्या दृष्टीनें होऊं लागतो.

मात्र या गणिताच्या मर्यादाहि ध्यानांत ठेवल्या पाहिजेत. नव्वद वर्षांच्या नोंदवहीवरून पांचशें वर्षांतून एकदां येणाऱ्या लाटेचें अनुमान करणें धाडसाचें आहे. म्हणून भूगर्भशास्त्रज्ञ किनाऱ्याजवळच्या दलदलींत खणून जुन्या लाटांनीं आणून टाकलेल्या वाळूचे थर शोधतात, आणि इतिहाससंशोधक जुनीं दप्तरें चाळतात. याचें सुंदर उदाहरण जपानांतच आहे. १७०० सालच्या जानेवारीच्या अखेरीस जपानच्या पूर्व किनाऱ्यावर एक लाट आली. घरें व शेतें यांची नासाडी झाली. पण तिच्याआधीं भूकंप झाल्याची कोठेंच नोंद नव्हती. ही पोरकी लाट कोठून आली याचा उलगडा जवळजवळ तीनशें वर्षांनीं झाला. अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावर एकाएकीं खचून खाऱ्या पाण्यानें मेलेलीं अरण्यें सांपडलीं, आणि त्यांचा काळ त्या लाटेशीं जुळला. कॅलिफोर्नियाच्या उत्तर भागापासून कॅनडापर्यंत पसरलेल्या कॅस्केडिया पट्ट्यावर २६ जानेवारी १७०० रोजीं झालेल्या भूकंपाची ती लाट होती. एका किनाऱ्याच्या संकटाची तिथि समुद्राच्या पलीकडच्या किनाऱ्यावरील कारकुनांच्या दप्तरांत सुरक्षित राहिली. क्रेसेंट सिटीच्या दृष्टीनें या शोधाचा अर्थ असा कीं दूरच्या लाटांखेरीज अगदीं घराशेजारचाहि एक उगम आहे, आणि त्याच्या बाबतींत तास नव्हे, केवळ मिनिटें हातांत असतील.

११ मार्च २०११ रोजीं जपानच्या पूर्वेस ९ प्रतीचा भूकंप झाला. त्या पट्ट्यावर इतका मोठा भूकंप होईल अशी अपेक्षा नव्हती. तेव्हां जें नोंदींत नाहीं तें अशक्य नाहीं, हें पुन्हां एकदां सिद्ध झालें. साडेचार हजार मैलांहून अधिक अंतर काटून सुमारें पावणेदहा तासांनीं लाट क्रेसेंट सिटीस पोंचली. या वेळीं इशारा मागें घेण्याची घाई झाली नाहीं. सखल भाग रिकामा करण्यांत आला, आणि अनेक मच्छीमारांनीं लाट येण्याच्या आधींच आपल्या बोटी खोल पाण्यांत नेल्या. लाटेची उंची आठ फुटांपर्यंत गेली. बंदरांत राहिलेल्या बोटींपैकीं सोळा बुडाल्या आणि सत्तेचाळीसांना इजा झाली. २००६ सालीं खिळखिळे झालेले धक्के पुरते नाहींसे झाले. परंतु सर्वांत मोठी लाट ओहोटीला आली, आणि १९६४ प्रमाणें गांव वाहून गेला नाहीं. बोट वांचविण्यासाठीं लाट येण्याच्या सुमारास धक्क्यावर धांवणें हा मृत्यूला दिलेला हुकमी कौल आहे. बाहेर जावयाचें तर पुष्कळ आधीं जावयाचें, आणि एकदां गेल्यावर कित्येक तास परत यावयाचें नाहीं, हा नियम या अनुभवांतून पक्का झाला.

त्यानंतर बंदर पुन्हां बांधण्यांत आलें, तें या सगळ्या मोजमापाच्या आधारावर. पन्नास वर्षांतून एकदां येईल एवढ्या लाटेला टिकावें हें उद्दिष्ट ठरलें. जुन्या बारीक खांबांच्या जागीं तीस इंच व्यासाचे पोलादी खांब खडकांत खोल रोवले. त्यांची उंची वाढविली, म्हणजे पाणी चढलें तरी तरंगते धक्के खांबांच्या डोक्यांवरून निसटूं नयेत. आणि प्रवाहाचा पहिला तडाखा बाहेरच्या एका भक्कम धक्क्यानें सोसावा अशी योजना केली. हें काम २०१४ सालीं पुरें झालें. २९ जुलै २०२५ रोजीं कामचाट्काजवळ ८.८ प्रतीचा भूकंप झाला, आणि त्या रात्रीं सुमारें चार फुटांच्या लाटा बंदरांत आल्या. नुकसान झालें तें मुख्यतः त्या बाहेरच्या धक्क्याचें. आंतील बंदर उभें राहिलें. ज्यानें मोडावयाचें तेंच मोडलें, यालाच हिशेबानें केलेलें बांधकाम म्हणतात.

हा विषय मराठी घरांना अगदींच परका नाहीं. २८ नोव्हेंबर १९४५ रोजीं पहांटे मकरान किनाऱ्याजवळ, हल्लींच्या पाकिस्तानच्या हद्दींत, समुद्राखालीं ८.१ प्रतीचा भूकंप झाला, आणि सुमारें पांच तासांनीं, सकाळीं सव्वाआठच्या सुमारास, मुंबईच्या बंदरांत साडेसहा फुटांच्या आसपास लाट आली; कांहीं माणसें तिच्यांत वाहून गेलीं. सातशें-साडेसातशें मैलांना पांच तास लागले याचें कारण वर सांगितलेल्या नियमांतच आहे. मुंबईसमोरचा समुद्र दीडशें मैलांहून अधिक अंतरापर्यंत उथळ आहे, आणि उथळ पाण्यांत लाट मंदावते. तो उथळ तळ मुंबईकरांना वेळ देतो; त्या वेळेचा उपयोग करणें हें मात्र माणसांवर अवलंबून आहे. २६ डिसेंबर २००४ च्या संहारानंतर, २००७ पासून, हैदराबाद येथील केंद्रांतून भारताच्या किनाऱ्यांना असे इशारे देण्याची व्यवस्था झाली आहे. खोल समुद्राच्या तळावर ठेवलेलीं दाबमापक यंत्रें लाट वरून जातांच तिची बातमी देतात, त्यामुळें केवळ भूकंपाच्या आंकड्यावर विसंबून राहावें लागत नाहीं.

तथापि इशाऱ्याचें यंत्र कितीहि चांगलें असलें तरी शेवटचा निर्णय धक्क्यावरच्या माणसाचा असतो, आणि त्याला दोन्ही बाजूंनीं कात्री लागलेली असते. दहा वेळां गांव हलविलें आणि दहाहि वेळां गुडघाभर पाणी आलें तर अकराव्या वेळीं लोक हलत नाहींत. आणि न हलविलें तर ती अकरावी वेळच शेवटची ठरूं शकते. या पेंचांतून सुटण्याचा मार्ग म्हणजे लोकांना भिवविणें नव्हे, किंवा खोटा धीर देणेंहि नव्हे. कोणत्या लाटेला कोणता रस्ता बुडेल, कोणता धक्का तुटेल, किती तास धीर धरावा लागेल, याची नेमकी माहिती त्यांच्या हातीं देणें हा होय. एवढी माहिती असली म्हणजे लहान लाटेला केवळ धक्के रिकामे करून भागतें, मोठ्या लाटेला गांव रिकामा करतां येतो, आणि दोहोंपैकीं काय करावयाचें याबद्दल वाद राहत नाहीं.

२०११ च्या लाटेनें जपानच्या रिकुझेनताकाता गांवांतील एका विद्यालयाची लहानशी होडी वाहून नेली. दोन वर्षें पॅसिफिकवर भटकून एप्रिल २०१३ मध्यें ती क्रेसेंट सिटीच्या किनाऱ्याला लागली. तेथील विद्यालयाच्या मुलांनीं तिच्यावरचीं शिंपलीं खरवडून ती स्वच्छ केली, आणि त्याच वर्षीं ती जपानांत परत पोंचविली गेली. पुढें हीं दोन्ही गांवें एकमेकांशीं भगिनीभावानें जोडलीं गेलीं. जी लाट दहा तासांत समुद्र ओलांडते, तिच्या मागून दोन वर्षांनीं आलेल्या या होडीनें त्या मुलांना एक गोष्ट शिकविली असेल: समुद्राच्या एका कांठावर धरणी हलली कीं दुसऱ्या कांठावरच्या माणसानें घड्याळाकडे पाहावें, आणि सर्व लाटा येऊन जाईपर्यंत सखल भागाकडे पाऊल टाकूं नये.